दार नसलेलं गाव आणि संगणकाचा मालक

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात युको बँकेनं जानेवारी २०११ मध्ये शाखा उघडली, तेव्हा तिच्यापुढे मोठाच पेच होता. परंपरेनं या गावात घराला चौकट असते, पण दार नसतं. मग कडीकुलूप कुठलं! कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावायची किंवा पडदा सोडायचा. शनिदेवाच्या राखणीतल्या गावात चोरी होत नाही, आणि कुणी केलीच तर त्याला ती पचत नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. बँकेला तर लोकांची रोकड सांभाळायची होती. शेवटी तोडगा निघाला. दर्शनी बाजूला आरपार दिसणारं काचेचं दार बसवलं आणि त्याला नजरेत न भरणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप लावलं. देशातली पहिली बिनकुलपाची शाखा म्हणून तिची बातमी सगळीकडे छापून आली.

या तोडग्यात गावकऱ्यांवर अविश्वास नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. गावातली माणसं एकमेकांना ओळखतात. कोण कुणाच्या ओसरीवर गेलं हे चार जणांना दिसतं. पण शनी अमावास्येला याच गावात अनोळखी माणसांचा पूर लोटतो. ओळखीच्यांवरचा विश्वास वेगळा आणि अनोळखी गर्दीसाठी करायची व्यवस्था वेगळी. बँकेनं पहिल्याला धक्का न लावता दुसरी उभी केली.

आपल्या घरातल्या संगणकाबद्दल बोलताना मात्र आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो. "घरातलेच तर वापरतात, पासवर्ड कशाला?" किंवा "मीच मालक आहे, मग मला ॲडमिनचे सर्वाधिकार नकोत तर कुणाला हवेत?" हे प्रश्न नगरपासून अकोल्यापर्यंत कुठल्याही घरात ऐकू येतात. प्रश्न रास्त आहेत. घरातली माणसं विश्वासाचीच असतात. अडचण एवढीच की संगणकाला माणूस दिसत नाही.

त्याला दिसतं ते खातं. तुम्ही लॉग-इन केलंत की विंडोज तुमच्या नावाचा एक परवाना तयार करते. तांत्रिक भाषेत त्याला टोकन म्हणतात. हा कोण, कुठल्या गटातला, याला काय काय करायची मुभा आहे, हे सगळं त्यावर नोंदलेलं असतं. त्यानंतर तुम्ही जो प्रोग्रॅम उघडाल त्याच्या हातात या परवान्याची एक प्रत जाते. ब्राउझर उघडलात, त्याला प्रत. ई-मेलमधून आलेली फाइल 'बिल' समजून उघडलीत आणि ती प्रत्यक्षात प्रोग्रॅम निघाली, तर तिलाही प्रत. मुलानं गेमचा 'चीट' कुठून तरी उतरवला, त्यालाही तीच. तो प्रोग्रॅम मग संगणकात जे काही करेल ते तुम्हीच केलं असं संगणक धरून चालतो. तुमचं खातं जितकं बलवान, तितका तो पाहुणा बलवान. घरात चार माणसं असतात. त्या चार माणसांच्या नावावर फिरणारे प्रोग्रॅम मात्र शेकड्यांनी असतात. ते कुणी लिहिले हे आपल्याला माहीत नसतं.

खात्याचे अधिकार बेताचेच ठेवावेत, हा विचार काही विंडोजवाल्यांना प्रथम सुचला असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ पासून सीटीएसएस नावाची प्रणाली होती, एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी. तिथं साठच्या दशकात एक नामी घोटाळा झाला. प्रणाली सांभाळणारे दोघे जण एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते: एकीत सर्वांसाठीची दिवसाची सूचना, दुसरीत सर्वांचे पासवर्ड. दोघंही एकाच सामायिक जागेत काम करत होते आणि संपादनाचा प्रोग्रॅम तिथं तात्पुरत्या फाइलला ठरावीक एकच नाव द्यायचा. फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कुणी लॉग-इन करेल त्याच्यापुढे सूचनेच्या जागी अख्ख्या संस्थेचे पासवर्ड झळकू लागले. दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं. सर्वाधिकार असलेली जागा दोघांनी मिळून वापरली, एवढंच निमित्त पुरलं.

१९७५ मध्ये जेरोम साल्टझर आणि मायकल श्रोडर या एमआयटीच्याच दोघांनी एका निबंधात अशा अनुभवांचं सार काढलं. त्यातलं एक तत्त्व आजही संगणकसुरक्षेच्या प्रत्येक वर्गात शिकवलं जातं: प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरकर्त्याला हातातलं काम पुरं करण्यापुरतेच अधिकार असावेत, त्याहून जास्त नकोत.

युनिक्स या प्रणालीच्या जगात हे तत्त्व फार देखण्या रीतीनं उतरलं. तिथं 'रूट' नावाचं एक खातं सर्वशक्तिमान. बाकी सगळे सामान्य. आता सामान्य माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलायचा असेल तर? पासवर्डची फाइल रूटच्या ताब्यात. त्याला तेवढ्यासाठी रूट करायचं, तर तो इतरांचेही पासवर्ड बदलेल. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी युक्ती काढली: अधिकार माणसाला देऊच नका, त्या कामाच्या प्रोग्रॅमला द्या. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम रूटच्या ताकदीनं चालेल, पण तो एवढंच काम करेल, आणि तेही ज्याचा पासवर्ड त्याच्यासाठीच. या कल्पनेला १९७९ मध्ये पेटंट मिळालं. पुढच्याच वर्षी बफेलोच्या विद्यापीठात 'सुडो' जन्मला. एरवी साधं राहायचं आणि नडलेल्या एका आज्ञेपुरता मोठा अधिकार मागून घ्यायचा, असा त्याचा खाक्या. उबुंटू लिनक्स २००४ मध्ये आलं तेव्हा त्यात रूटचं खातं थेट वापरासाठी बंदच ठेवलेलं होतं. मालकानंही सुडोच वापरायचं.

घरगुती संगणक मात्र वेगळ्या घराण्यातला. तो मुळातच एका माणसासाठी जन्मला. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये खातं ही चीजच नव्हती. फ्लॉपीतून आलेला व्हायरस कुठंही शिरू शकत असे. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करता करता कैलास आणि संजय काटकर या भावांनी नव्वदच्या दशकात क्विक हील हा अँटिव्हायरस उभा केला, तो या मोकळ्या रानातल्या रोगांवर औषध म्हणून. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये नावाला पासवर्डची खिडकी यायची. 'कॅन्सल' दाबलं की संगणक तसाच उघडायचा. त्यांची डिस्क ज्या 'फॅट' पद्धतीनं लिहिली जायची, तिच्यात फाइल कुणाच्या मालकीची हे नोंदवायला रकानाच नव्हता. नोंदच नाही, तर मज्जाव कशाच्या आधारे करणार?

मायक्रोसॉफ्टकडे याचं उत्तर १९९३ पासून होतं. विंडोज एनटी. डेव्ह कटलर यांच्या गटानं घडवलेल्या या प्रणालीत खाती होती, गट होते, प्रत्येक फाइलीपाशी कुणाला काय मुभा याची यादी होती. पण ती कचेऱ्यांसाठी. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि एनटीचा हा मजबूत गाभा प्रथमच घराघरांत पोचला. आणि इथंच मोठी संधी हुकली, असं माझं स्पष्ट मत आहे. एक्सपी बसवताना घरातल्या माणसांची जी खाती तयार व्हायची ती सगळी आपोआप ॲडमिनिस्ट्रेटर. त्यात होम आवृत्तीत 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं आणखी एक लपलेलं खातं असायचं. दुरुस्तीसाठीच्या सेफ मोडमध्ये ते दिसायचं, आणि त्याला पासवर्डच नसायचा. दारं होती, कुलपं होती, आणि सगळ्या किल्ल्या सगळ्यांच्या खिशात.

असं का केलं असेल? कारण जुने प्रोग्रॅम. ते सगळे मोकळ्या रानात वाढलेले. कुठंही लिहायची, विंडोजच्या फोल्डरात हात घालायची त्यांना सवय. साध्या खात्यातून चालवले की ते अडून बसत. आणि ग्राहक दोष द्यायचा तो विंडोजला.

आपल्याकडे याला आणखी एक पदर होता आणि तो मराठीचा होता. संगणकशिक्षणासाठी एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्या-तालुक्यांत, पुढे मोठ्या गावांत संगणक नेला. संगमनेर, श्रीरामपूर, पाथर्डी, जामखेड, सगळीकडे बाजारपेठेत एखादं तरी संगणकाचं दुकान उभं राहिलं. त्या दुकानांत लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची पत्रं, पतसंस्थेचे अहवाल मराठीत टाइप व्हायचे ते श्रीलिपीत, आकृतीत किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममध्ये. यासाठी फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात टाकावे लागत. हा बदल संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांना लागू होणारा, म्हणून ॲडमिनचा अधिकार हवा. नुसता आपल्यापुरता फॉन्ट टाकायची सोय विंडोज १० मध्ये यायला २०१८ उजाडलं. म्हणजे मराठीत लिहायचं तर ॲडमिन असलेलं बरं, ही खूणगाठ आमच्या डीटीपी करणाऱ्यांनी तिथंच बांधली. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही किंमत द्यावी लागली नाही.

दुकानातून घरी आलेल्या संगणकाची अवस्था आजही तीच असते. मशीन बिघडलं की दुकानदार 'फॉरमॅट मारून' देतो. विंडोज, ऑफिस, मराठी फॉन्ट, अँटिव्हायरस, सगळं टाकून तयार. खात्याचं नाव 'ॲडमिन' किंवा 'यूजर' किंवा नुसतं 'पीसी'. पासवर्ड नाही, कारण गिऱ्हाईक तो विसरणार आणि परत दुकानात येणार. विंडोज विकत घेतलेली नसेल तर ती 'ॲक्टिव्हेट' करणारा एक छोटा प्रोग्रॅम. त्याची कृती ठरलेली: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग राइट क्लिक, मग 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. पहारेकऱ्याला रजा देऊन कोण कुठल्या अनोळखी माणसाच्या हाती सगळा कारभार सोपवायचा, एवढं हे गंभीर आहे. दुकानदाराला दोष देऊन मात्र मी थांबणार नाही. त्याला मजुरी मिळते फॉरमॅटची. खाती नीट लावून द्यायला कुणी त्याला सांगत नाही आणि त्या वेळेचे पैसेही कुणी देत नाही. सरकारी-निमसरकारी कामांनीही हीच सवय घट्ट केली. जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सही चालत नसेल तर करसल्लागारांच्या कार्यालयात पहिला उपाय सांगितला जातो तो सहीचा एमसायनर हा प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करण्याचा.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि पडदा एकदम काळवंडून 'परवानगी द्यायची का?' असं विचारणारी ती प्रसिद्ध खिडकी आली. तिचं नाव यूएसी. तिच्यामागची रचना समजून घेण्यासारखी आहे. ॲडमिननं लॉग-इन केलं की विंडोज आता त्याला दोन परवाने देते, एक छाटलेला, सामान्य माणसाचा, आणि एक पुरा. रोजचं सगळं काम छाटलेल्या परवान्यावर चालतं. एखाद्या प्रोग्रॅमनं विंडोजच्या गाभ्याला, प्रोग्रॅम फाइल्सला किंवा सर्वांना लागू असलेल्या नोंदींना हात घालायचं म्हटलं की खिडकी येते. 'हो' म्हटलं तरच पुरा परवाना त्या एका प्रोग्रॅमला मिळतो. पडदा काळवंडतो तो शोभेसाठी नाही. त्या क्षणी विंडोज तुम्हाला एका निराळ्या, बंदिस्त पडद्यावर नेते. साध्या अधिकारांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना तिथं पोचता येत नाही, त्यामुळे ते तुमच्या वतीनं परस्पर 'हो' दाबू शकत नाहीत. दूरच्या कुणी तुमचा संगणक ॲनीडेस्कसारख्या ॲपमधून चालवायला घेतला असेल आणि ते ॲप साध्याच अधिकारांवर चालत असेल, तर त्यालाही ही खिडकी दाबता येत नाही. म्हणून तो फोनवरून सांगतो, "यस दाबा." फोनवरचा अनोळखी आवाज असं सांगतो, तिथंच त्याची गरज उघडी पडते.

लोक या खिडकीला कंटाळले. दिवसात कितीदा 'हो' म्हणायचं! २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी जाहीरपणे सांगितलं की ही खिडकी मुद्दामच त्रासदायक ठेवली होती. त्रास व्हावा ग्राहकाला आणि त्याची तक्रार जावी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपन्यांकडे, म्हणजे त्या गरज नसताना ॲडमिनचे अधिकार मागणं सोडतील. हे ऐकून तेव्हा हसं झालं, पण परिणाम झाला. आज बहुतेक चांगले प्रोग्रॅम रोजच्या वापरात ही परवानगी मागत नाहीत. ज्यांना सवय सुटली नाही त्यांच्यासाठी विंडोजनं एक सोयही करून ठेवली. जुना प्रोग्रॅम बंदी असलेल्या जागी लिहू लागला की विंडोज त्याचं लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात वळवते. प्रोग्रॅमला वाटतं आपलं काम झालं.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये खिडक्या कमी झाल्या. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या काही सेटिंग्जना न विचारता पुरा परवाना मिळू लागला. वापर सुखाचा झाला खरा, पण त्या फटीतून शिरायच्या वाटाही हल्लेखोरांनी शोधल्या. ॲडमिन खात्यातली ही खिडकी म्हणजे अभेद्य भिंत नव्हे, असं मायक्रोसॉफ्टही मानते. तुम्ही साध्या खात्यात असाल, तर गोष्ट बदलते. मग दुसरा परवाना तुमच्यापाशी नसतोच. खिडकी 'हो' विचारत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागते.

एवढ्याशा फरकानं काय होतं, ते समजायला घराबाहेर, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात जाऊ. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला. आपल्याकडे जसं टॅली, तसं तिकडे ते मेडॉक. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसा इथल्या कार्यालयात ते एका संगणकावर होतं. बघता बघता कंपनीचं जगभरचं जाळं कोसळलं आणि तिच्याच उद्योगसमूहाकडे असलेलं आपल्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर चढवायचे-उतरवायचे कुठले याची यादीच संगणकात अडकली.

नॉटपेट्या संगणकात शिरला की आधी बघायचा, आपल्याला अधिकार किती आहेत. ॲडमिनचे असले तर डिस्कचा पहिलाच भाग पुसून टाकायचा, म्हणजे संगणक पुन्हा सुरूच होऊ नये. शिवाय त्या मशीनच्या स्मृतीत कुणा बड्या खात्याचा पासवर्ड रेंगाळत असेल तर तो उचलून शेजारच्या मशीनवर जायचा. अधिकार नसले तर फायली बिघडवण्यावर त्याला थांबावं लागे. ज्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या सगळ्या दुरुस्त्या बसवलेल्या होत्या तीही पासवर्ड उचलण्याच्या या वाटेनं पडली. पासवर्ड खरा होता, मग अडवणार कोण? मर्स्कला १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

सगळ्यात मोठी पंचाईत निराळीच होती. कुणाला कुठं जायची मुभा आहे याचं दप्तर ठेवणारे जे संगणक, डोमेन कंट्रोलर, ते दीडशेच्या आसपास होते आणि एकमेकांची प्रत सांभाळत होते. सगळे एकदम पुसले गेले. अधिकारांची नोंदच उरली नाही, तर बाकीचं परत उभं करायचं कशाच्या आधारे? शोधता शोधता घानामधल्या कार्यालयात एक प्रत धडधाकट सापडली. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ते मशीन जाळ्यापासून तुटलेलं होतं. भारनियमनात उसाला पाणी देण्यासाठी रात्री जागलेल्या आपल्या शेतकऱ्याला वीज जाण्याचं असं कौतुक ऐकून नवल वाटेल. ती डिस्क माणसांकरवी नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून कंपनी परत उभी राहिली.

घरच्या संगणकाचं नुकसान एवढं मोठं नसतं, पण प्रकार तोच. साधं खातं असेल तर शिरलेला प्रोग्रॅम त्या खात्यापुरता राहतो. तो अँटिव्हायरस बंद करू शकत नाही, विंडोजच्या गाभ्यात ठाण मांडू शकत नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोल्डरात डोकावू शकत नाही. खंडणीखोर व्हायरस सहसा आधी विंडोजनं ठेवलेल्या फायलींच्या जुन्या प्रती पुसतात, म्हणजे पैसे दिल्याशिवाय सुटकाच नको. त्या पुसायला ॲडमिनचा अधिकार लागतो.

याला मर्यादाही आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. तुमचे फोटो, मुलीचा प्रकल्प, शेताच्या उताऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती, हे सगळं तुमच्याच खात्यात असतं. ते कुलूपबंद करायला किंवा पुसायला ॲडमिन लागत नाही. तुमच्या नावावर चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला ती मुभा आहेच. त्यासाठी वेगळी ठेवलेली, वापर नसताना संगणकापासून काढून ठेवलेली एक प्रत हवी, दुसरा इलाज नाही. बँकेचा ओटीपी तुम्ही स्वतः सांगितलात तर तिथंही हे अधिकार कामाला येत नाहीत. शिंगणापूर देवस्थानच्याच नावानं बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे गोळा केल्याच्या तक्रारी २०२५ मध्ये झाल्या, विधानसभेतही विषय गाजला. भाविकांच्या फोनमधलं एकही कुलूप त्यासाठी फोडावं लागलं नव्हतं.

अधिकार ज्याच्या हाती त्यानंच दार उघडलं तर तट काय करणार? नगरच्या भुईकोटाची तटबंदी आणि खंदक आजही पाहणाऱ्याला दडपून टाकतात. पण १७५९ मध्ये हा किल्ला पेशव्यांना मिळाला तो तोफांनी नव्हे. निजामाचा किल्लेदार कवीजंग यानं पैसे घेऊन तो स्वाधीन केला. त्या एका हस्तांतरातून पेटलेली लढाई फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला जाऊन संपली.

आता घराकडे वळू. ॲडमिन कोण असावं यावरून घरोघरी एक समजूत असते: ज्यानं पैसे दिले तो, म्हणजे बहुधा वडील. लेकीला साधं खातं दिलं तर तिचा कमीपणा, वडिलांनी साधं खातं घेतलं तर त्यांचा. ही माणसाची पत ठरवणारी परवानगी झाली. तिचा शेवट काय होतो हेही शिंगणापूरनंच पाहिलं आहे. शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांनी जायचं की नाही यावरून २०१६ च्या सुरुवातीला आंदोलन पेटलं. १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयानं मंदिरप्रवेशाच्या १९५६ च्या कायद्याची अंमलबजावणी करायला सरकारला सांगितलं, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थाननं चौथरा सर्वांना खुला केला. जन्मावरून ठरलेली मनाई टिकली नाही, टिकायलाही नको होती. संगणकातली परवानगी त्या जातीची नाहीच. रिचींनी पन्नासेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं तसं तिथं विचारायचं असतं काम काय आहे. सुरक्षेचं काम जाणणारे अनेक लोक आपल्या स्वतःच्या मशीनवर दिवसभर साध्या खात्यातच बसतात. वडिलांचंही खातं साधं, आईचंही, मुलांचंही. आणि ॲडमिन हे घरातल्या कुणाचंच नाव नसलेलं एक पाचवं खातं, फक्त काही बसवायचं किंवा काढायचं असेल तेव्हा उघडायचं.

त्या पाचव्या खात्याचा पासवर्ड कुणी सांभाळायचा? माझ्या मते ज्याला खिडकीतला मजकूर वाचून कळतो त्यानं. अनेक घरांत ती नववीतली मुलगी असते, आणि तिच्यावर ती जबाबदारी टाकायला हरकत नाही. एक भान मात्र हवं. ॲडमिनला मनात आलं तर इतरांच्या फोल्डरातही जाता येतं. आईची पत्रं असोत की भावाची डायरी, अधिकार आहे म्हणून उघडायची नाही, हे त्या पासवर्डबरोबरच सांगायला हवं.

कृती छोटी आहे, पण क्रम चुकवू नका. आधी नवं खातं तयार करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स अशी वाट आहे. विंडोज १० मध्ये फॅमिली अँड अदर यूजर्स. 'चेंज अकाउंट टाइप'मध्ये त्या नव्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या आणि त्यात एकदा प्रत्यक्ष लॉग-इन करून पाहा. ते चाललं की तिथूनच तुमचं रोजचं जुनं खातं 'स्टँडर्ड यूजर' करून टाका. तुमच्या फायली, डेस्कटॉप, मराठी कीबोर्ड, सगळं जागच्या जागी राहतं. पासवर्ड वहीत लिहून कागदपत्रांच्या कपाटात ठेवलात तर उत्तम. त्या कपाटापर्यंत इंटरनेटवरून कुणी पोचत नाही.

पहिले काही दिवस पासवर्ड जास्त वेळा मागितला जाईल, मग कमी होत जाईल. खिडकीतली पट्टी निळी असेल तर बनवणाऱ्याची सही तपासली गेली आहे, पिवळी असेल तर बनवणारा कोण हे विंडोजलाही ठाऊक नाही. तुम्ही काहीच बसवत नसताना खिडकी आली तर रंग न बघता 'नो' दाबा. त्यानं सहसा काही बिघडत नाही. गरज खरी असेल तर प्रोग्रॅम पुन्हा विचारतो.

मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नव्या सोयीत ॲडमिनचा पुरा परवाना रोजच्या खात्यापासून तोडून एका लपलेल्या, कामापुरत्या खात्याकडे नेलेला आहे. विचार तोच, पन्नास वर्षांपूर्वीचा. घरोघरी पोचेल तेव्हा पोचेल.

तोवर दुकानात मशीन दुरुस्तीला देताना आपणहून सांगा: फॉरमॅटनंतर दोन खाती लावून द्या, एक ॲडमिन आणि एक साधं, आणि तेवढ्या वेळाचे पैसे वेगळे घ्या. मशीन घरी आलं की ॲडमिनचा पासवर्ड लगेच बदला आणि खात्यांची यादी उघडून पाहा; तुम्ही न सांगितलेलं आणखी एखादं ॲडमिन खातं तिथं दिसलं, तर दुकानदाराला फोन करून ते कशासाठी आहे ते विचारा आणि नको असेल तर काढून टाका.